चार बोटांची पट्टी

शनिवारचा पेपर हातात आला तेव्हा त्याच्या सहाव्या पानाला खिडकी पडलेली होती. पोस्टकार्डाहून थोडी मोठी, पट्टी लावून कापल्यासारखी सरळ. खिडकीतून पलीकडे सातव्या पानावरच्या गाद्यांच्या जाहिरातीतली बाई आरामात झोपलेली दिसत होती. चित्रकार त्या बाईकडे बराच वेळ बघत बसला.

कात्री कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. घरात माणसं दोन, आणि इतकं सरळ कापता येणारं त्यातलं एकच. बायकोची सव्वीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मापं घेण्यात गेली होती. ती आत्ता ओट्याशी पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती, आणि एरवी दोन मिनिटांत गाळून होणाऱ्या चहाला आज पाच मिनिटं लागत होती.

त्यानेही विचारलं नाही. चौतीस वर्षांच्या संसारात कोणत्या प्रश्नाला कोणतं उत्तर येणार हे पाठ झालं की प्रश्न विचारायचे श्रम वाचतात. चांगलं छापून आलं असतं तर पेपर चहाच्या आधी उशाशी आला असता. पान कापलं गेलं, म्हणजे जे छापून आलं ते नवऱ्याच्या नजरेस पडू नये असं. हिशेब सरळ होता.

प्रदर्शन बुधवारी सुरू झालं होतं. पंधरा चित्रं, त्यांना लागलेली तीन वर्षं, आणि हॉल पुढच्या बुधवारपर्यंतचा. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस ‘हे शेवटचं’ असं सहज म्हणून जातो आणि समोरच्याने नाही म्हणावं म्हणून थांबतो. या वेळी तो थांबला नव्हता. म्हणाला होता आणि कामाला लागला होता.

साडेनऊपर्यंत चार फोन आले. वर्षभरात ही चार माणसं मिळून चार फोन करत नाहीत. पहिला ताईचा. मनाला लावून घेऊ नकोस, म्हणाली. काय लावून घ्यायचं नाही ते सांगितलं नाही, वर गुडघ्याला शेक दे म्हणाली. दुसरा कॉलेजपासूनच्या चित्रकार मित्राचा. त्याचा आवाज इतका टवटवीत होता की प्रकरण चांगलंच गंभीर असणार हे याला तिथेच कळलं. तिसरा हॉलवाल्या बाईंचा. चर्चा होतेय, हे महत्त्वाचं, असं त्या दोनदा म्हणाल्या. चौथा मुलीचा, लांबून. ती पूर्ण दहा मिनिटं हवेबद्दल बोलली. आईकडे फोन दे म्हणाली आणि आईशी बोलताना इकडची बाजू नुसती ‘हो’, ‘हं’ आणि ‘माहीत नाही’ एवढीच ऐकू आली.

चित्रकाराने मनातल्या मनात हजेरी घेतली. आलेल्या फोनांपेक्षा न आलेले फोन जास्त बोलके होते. उद्घाटनाला खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतलेले तिघं अजून गप्प होते. वाट बघत असतील, वारं कुठे वळतंय त्याची.

दहा वाजता त्याने दाढी करून येतो म्हणून चपला घातल्या. घरी दाढीचं सामान होतं, आणि बायकोला ते माहीत होतं. घरातला पेपर कापता येतो, केस कापणाऱ्याच्या दुकानातला कसा कापणार?

केस कापणाऱ्याने त्याला बघताच खुर्ची झटकली आणि गळ्याभोवती कापड बांधता बांधता पेपर स्वतःच्या काखेत मारला.

“आलंय तुमच्यावर,” तो म्हणाला. “वाचा, पण दाढी झाल्यावर. मधेच मान हलवलीत तर बोल मला लागेल.”

म्हणजे केस कापणाऱ्यालाही माहीत होतं. चित्रकार साबण चोपडलेल्या चेहऱ्याने आरशासमोर बसून राहिला. आरशात पेपर उलटा दिसत होता आणि त्यातलं शीर्षक त्याला तसंच अर्धवट लागलं. ‘थकलेल्या’ एवढं कळलं. पुढचं काखेत होतं.

दाढी झाल्यावर त्याने बाकावर बसून वाचलं. पानावर कुणाचे तरी बारीक पांढरे केस पडले होते, ते फुंकून वाचलं. पहिल्यांदा आरोपीसारखं, भराभर, शिक्षा किती एवढंच शोधत. दुसऱ्यांदा वकिलासारखं, एकेक शब्द धरून. समीक्षकाने लिहिलं होतं की हा हात सराईत आहे, आणि सराईत हाताइतकं कंटाळवाणं दुसरं काही नसतं. रिकाम्या खुर्च्या, जिने, दोरीवरचे टॉवेल, अर्धवट उघडी दारं हे सगळं या चित्रकाराने इतक्या वेळा रंगवलं आहे की आता तो बघत नाही, आठवतो. हे वाक्य चित्रकाराच्या वर्मी बसलं, कारण पंधरांपैकी कोणती सहा आठवून काढलेली आहेत हे त्याला नेमकं ठाऊक होतं. समीक्षकाला पंधराही तशीच वाटली, एवढाच काय तो मतभेद.

त्यानंतरचा परिच्छेद त्याला पहिल्या वाचनात कळलाच नव्हता.

‘मात्र प्रत्येक चित्राच्या तळाशी चार बोटं रुंदीची एक पट्टी आहे. तिथे चित्रकाराने काहीही काढलेलं नाही, केवळ अस्तर, रंगाआधी कापडाला देतात तो लेप, उघडं ठेवलं आहे. कुठे विटकरी, कुठे राखाडी, कुठे ओल्या पाटीसारखं निळसर. या प्रदर्शनात मी थांबलो तो या पट्ट्यांपाशी. त्यांच्यात एक शांत, सावध जीव आहे. वर जे काही आहे, ते त्या पट्टीवर झालेलं अतिक्रमण आहे.’

पट्टी? कसली पट्टी? आणि मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो हसला. मोठ्याने नव्हे, नाकातून.

त्या पट्टीची कुळकथा अशी. एकोणीस वर्षांपूर्वी या घरात राहायला आल्यावर बायकोच्या भावाने, जो सुतार होता आणि आहे, हौसेने भावोजींना घोडा करून दिला. चित्र उभं ठेवायचा तो लाकडी घोडा भक्कम झाला, पण त्याची खालची फळी कुठल्याशा पलंगाच्या उरलेल्या लाकडाची होती. चित्र तिच्यात बसवलं की खालची चार बोटं फळीमागे दडून जायची. तिथे कुंचला पोचायचाच नाही. फळी तासून दे, असं चित्रकाराने त्याला दोनदा सांगितलं. पुढच्या वेळी रंधा घेऊन येतो, असं तो दोन्ही वेळा म्हणाला. पुढे चित्रांना चौकटीही तोच करायला लागला, त्या त्याने बरोबर चार बोटं रुंद केल्या. एका चुकीवर दुसरी चूक फिट्ट बसली आणि एकोणीस वर्षं कुणाला काही दिसलं नाही. या वेळी हॉलवाल्या बाई म्हणाल्या की चौकटी आता जुनाट वाटतात, नुसती चित्रं टांगू. नुसती टांगली. चौकट गेली आणि पट्टी उघडी पडली.

म्हणजे तीन वर्षांच्या कामात समीक्षकाला जीव दिसला तो नेमका तिथे, जिथे याचा हात पोचला नव्हता.

राग यायला हवा होता. पण रागालाही अंगात थोडी ताकद लागते, उठून उभं राहावं लागतं. त्याला बसून राहावंसं वाटलं. मागे एकदा, चाळिशीत, अशीच टीका आली होती तेव्हा त्याने नऊ पानी उत्तर लिहिलं होतं आणि ते पाठवू नये म्हणून बायकोला पाकीट लपवावं लागलं होतं. आता नऊ ओळीही सुचेनात. केस कापणाऱ्याने पेपर परत मागितला, कारण पुढचं गिऱ्हाईक शब्दकोड्यासाठी खोळंबलं होतं.

घरी येऊन त्याने मेहुण्याला फोन केला. उद्या सकाळी टेम्पो घेऊन ये, आणि जुन्या चादरी आण. चित्रं उतरवायची आहेत.

मेहुणा उद्याची वाट न बघता संध्याकाळीच आला. त्यानेही वाचलं होतं. तो दुःख वाटून घ्यायच्या तयारीने आला होता, पण चेहऱ्यावर दुसरंच काही मावत नव्हतं.

“भावोजी, वाईट वाटून घेऊ नका,” तो म्हणाला, “पण त्या माणसाला जे आवडलं ना, ते माझ्या फळीमुळे.”

“हो. फळीचं प्रदर्शन भरवू तुझ्या.”

“तासून दिली असती तर काय राहिलं असतं सांगा.”

“मेहुणेबुवा, चहा घे आणि गप्प बस.”

मेहुण्याने चहा घेतला पण गप्प बसला नाही. किती चादरी लागतील, शिडी हॉलवर आहे की आपली न्यायची, हे तो विचारत राहिला. चित्रकार सांगत राहिला. सगळं ठरल्यावर बायको दारात आली. हात पदराला पुसत नव्हती, काही नाही. नुसती उभी राहिली.

“उतरवायची नाहीत,” ती म्हणाली.

चित्रकाराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. चित्रं कुठे लावायची, कधी काढायची, कुणाला द्यायची, यात तिने आजवर शब्द घातला नव्हता. कापड चौकटीवर ताणून, सरस लावून, अस्तर देऊन, वाळवून, घासून ती खोलीच्या दारात उभं करून ठेवायची. याला खडूच्या भुकटीने खोकला व्हायचा म्हणून ते काम तिने घेतलं होतं. एवढंच. त्यापुढचं सगळं याचं.

तो म्हणाला की तिला कळत नाहीये. अजून चार दिवस लोक तिथे येणार, पेपर वाचून येणार, आणि त्याला हॉलमधल्या खुर्चीत बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं लागणार. या वयात हे नको. आणि मला त्रास होऊ नये म्हणून सकाळी पान कापणारी तूच ना? मग आता मला तिथे नेऊन बसवायची हौस कसली?

“तुम्हाला दिसू नये म्हणून नाही कापलं.”

“मग?”

ती आत गेली. मेहुण्याने कपाच्या तळाकडे बघायला सुरुवात केली, कारण बहिणीचा हा आवाज त्याने लहानपणी ऐकला होता आणि त्यानंतर काय होतं ते त्याला माहीत होतं. ती वही घेऊन आली. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी, लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची. टेबलावर ठेवून ती पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर कात्रण चिकटवलं होतं. चारही कोपरे नीट बसवून. हात सराईत असल्याच्या मजकुराखाली काही नव्हतं. पट्टीच्या परिच्छेदाखाली मात्र पेन्सिलीने, पट्टी धरून, रेघा मारल्या होत्या, आणि समासात बारीक अक्षरात टिपलं होतं: ‘विटकरी म्हणजे क्र. २०६. दोन हात, आडवे. बरोबर. राखाडी २०१ किंवा २०९. निळसर २११. हे त्यांनी बरोबर ओळखलं, पाटीचाच रंग मनात होता.’

त्याने मागची पानं उलटली. क्रमांक एकपासून दोनशे बारापर्यंत. एकोणीस वर्षांत त्याने रंगवलेलं प्रत्येक कापड तिथे होतं, तो हात लावायच्या आधीचं. सरस किती, भुकटी किती, कितवा हात कधी वाळला, वरून कोणता रंग पातळ करून फिरवला. कुठे ‘घाईत दिलं, ते थांबायला तयार नव्हते.’ कुठे ‘हा फार छान आला.’ आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी, वेगळ्या शाईने, बहुधा चित्र पूर्ण झाल्यावर लिहिलेले दोन शब्द. ‘नाही दिसला.’ क्रमांक बेचाळीस, नाही दिसला. एकशे सात, नाही दिसला. एके ठिकाणी ‘खुर्चीच्या पायाजवळ थोडा दिसतो,’ आणि त्याखाली पुढच्या तारखेला, ‘तिथेही रंग लावला.’

ते चित्र त्याला आठवलं. खुर्चीच्या पायाजवळ काहीतरी कच्चं राहिल्यासारखं वाटत होतं, म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी ते झाकलं होतं. चित्र सुधारल्याचा आनंदही त्याला झाला होता.

“मी रंग द्यायचा आणि तुम्ही झाकायचा,” ती म्हणाली. “कामच तसं आहे, त्याचं काही नाही. पण पहिल्यांदा कुणाला तरी दिसलाय. बुधवारपर्यंत राहू द्या.”

मेहुण्याला फळीबद्दल काहीतरी म्हणायचं होतं, ते त्याने मोठ्या कष्टाने गिळलं.

“बघू,” चित्रकार म्हणाला.

या घरात ‘बघू’ म्हणजे ‘मी म्हणतो तसंच होईल, पण आत्ता वाद नको’. हे तिघांनाही माहीत होतं, म्हणून रविवारी सकाळी मेहुणा टेम्पो घेऊन हजर झाला आणि बायकोही, कुणी बोलावलं नसताना, चांगला चष्मा लावून पुढच्या सीटवर चढून बसली. तिघं खांद्याला खांदा लावून निघाले. मागे चादरींचा ढीग हादरत होता. वाटेत बोलण्यासारखं मेहुण्याकडेच होतं आणि तोही क्लचबद्दलच बोलला.

हॉलवाल्या बाई चादरी बघून दचकल्या. आत्ता उतरवायची? आणि आजच? कालपासून किती लोक येऊन गेले, याची त्यांना कल्पना नाही का? चित्रकाराने आत डोकावून पाहिलं. सात-आठ माणसं होती, रविवारच्या मानाने खरंच बरीच. आणि सगळी वाकलेली. कुणी गुडघ्यांवर हात ठेवून, कुणी उकिडवं बसून, एकजण तर चष्मा कपाळावर ढकलून चित्राच्या तळाशी नाक लावून बसला होता. एक जोडपं पंधराही चित्रांपुढून वाकत वाकत गेलं आणि दारातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. माणसं बघायला आल्यावर चेहरे दिसतात, ही त्याची भीती फुकट गेली. त्याला नुसत्या पाठी दिसल्या.

तीन वर्षं, त्याच्या मनात आलं. खुर्च्यांवर पडणाऱ्या उजेडाची तीन वर्षं, आणि ही माणसं जमिनीवर काही सांडलंय का ते बघितल्यासारखी फिरतायत. त्याचे गुडघे दुखायला लागले. तो पहिल्या चित्रापाशी गेला आणि त्याने दोन्ही हातांनी त्याच्या कडा धरल्या. मेहुण्याने शिडी आणली.

बायकोने त्याला अडवलं नाही. ती दुसऱ्या चित्रापाशी उभी होती. उद्घाटनाला ती आली होती, पण तो सगळा वेळ पाहुण्यांना पाणी विचारण्यात आणि ताईला खुर्ची शोधून देण्यात गेला होता. ती आत्ता, एक हात कंबरेवर ठेवून, हळूच वाकली. बघितलं. बोट लावलं नाही, पण बोट पट्टीच्या जवळून, हातभर लांबीने फिरवलं, रंगाचे हात आडवे होते की उभे ते तपासल्यासारखं. मग तिसरं. मग चौथं. नवव्यापाशी, विटकरी पट्टीजवळ, ती बराच वेळ थांबली. तिथे उकिडव्या बसलेल्या माणसाने सरकून तिला जागा दिली आणि काहीतरी विचारलं. तिने मान डोलावली. काय विचारलं ते इथवर ऐकू आलं नाही. पण तो माणूस मग तिच्याकडे आणि पट्टीकडे आळीपाळीने बघत राहिला.

चित्रकार चित्राच्या कडा धरून उभा होता. हात भरून आले तेव्हा त्याने कडा सोडल्या आणि तो हॉलवाल्या बाईंनी ठेवलेल्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीत बसलं की डोळ्यांसमोर बरोबर पट्टी येते, हे त्याला गेले चार दिवस कळलं नव्हतं. समोरची राखाडी होती. दोनशे एक किंवा दोनशे नऊ. तिच्यात खरंच काहीतरी होतं. न घाबरता गप्प बसलेल्या माणसासारखं. असं त्याला कधी जमलं नव्हतं, हे त्याने स्वतःशी कबूल केलं आणि ते कबूल करायला फारसं काही लागलं नाही. दमलेल्या माणसाचा हा एक फायदा.

ती पंधराव्यापर्यंत पोचली. सरळ झाली, कंबर दाबली.

“उतरवू का?” मेहुण्याने शिडीवरून विचारलं.

चित्रकार बायकोकडे बघत होता. आता ती दाराकडे वळेल, असं त्याला वाटलं होतं. काम झालं होतं तिचं. पण ती पुन्हा पहिल्या चित्रापाशी आली, याच्या अगदी जवळ, दोन पावलं मागे सरकली, चष्मा नीट केला आणि मान वर केली.

“थांब,” तो मेहुण्याला म्हणाला. “तिचं वरचं बघायचं राहिलंय.”

मेहुणा शिडीवरून उतरला आणि त्याने चादरींच्या घड्या घालायला घेतल्या. टेम्पो बुधवारी पुन्हा आणावा लागणार, हे त्याच्या लक्षात आलं होतं. बुधवारी कुणाचंसं कपाट पोचवायचं होतं, त्याचं काय करायचं ते तो मनातल्या मनात जुळवत होता.

ती पहिल्या चित्रापुढे उभी राहिली, मग दुसऱ्या. वाकलेल्या लोकांमध्ये ती एकटीच ताठ होती, म्हणून कुठूनही दिसत होती. चित्रकार उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिला. तिसऱ्या चित्रात जिना होता. तिने त्याच्या वरच्या पायऱ्यांकडे बोट केलं.

“इथे तुम्ही दमला होतात.”

“हो.”

“दिसतंय,” ती म्हणाली, आणि चौथ्याकडे सरकली.

तो तिच्या मागोमाग गेला. अजून बारा होती.